धाकट्यासाठी

थोरलीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या इन्सुलिनची घराला सवय झालीये. शाळेला निघण्याआधी ती स्वतःच पेनवर आकडा फिरवते, पोटाची चिमूट धरते नि सुई टोचते. माझा जीव अडकलाय तो धाकट्यात. सख्ख्या भावंडाला हा आजार व्हायची शक्यता शंभरात साधारण पाच. उरलेले पंच्याण्णव मला दिसतच नाहीत.

आमच्या धरणगावात कुणी काढा सुचवतं, कुणी म्हणतं गाईचं दूध तोडा. माझा डोळा निकोटिनामाइडवर होता. साधं ब३ जीवनसत्त्व. प्रामुख्याने युरोपात, रुग्णांच्या आजाराचा धोका असलेल्या पाचशेहून अधिक नातेवाइकांवर त्याची चाचणी झाली. २००४ साली निकाल आला, की पाच वर्षांत काडीचाही फरक नाही. टेप्लिझुमॅब या आजार लांबवणाऱ्या औषधाला अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली, पण ही मान्यता रक्तात आजाराची प्रतिपिंडं सापडलेल्या आणि साखर बिघडू लागलेल्या, आठ वर्षांच्या नि त्यापुढच्यांसाठी होती. चाचणीत आजार साधारण दोन वर्षं लांबला. दोन वर्षं! आईला विचारा त्यांची किंमत.

तरी धडधाकट पोराच्या हातावर सिद्ध न झालेली पुडी ठेवायची नाही, हे मी पक्कं केलंय. पण नुसतं बघत राहणं फार जड जातं. प्रतिपिंडांच्या तपासणीचं जळगावच्या डॉक्टरांना विचारणार आहे. तोवर तहान वाढली, रात्री लघवीला उठू लागला किंवा वजन उतरलं, तर त्याच दिवशी साखर बघायची. शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेवलंय.