गॅलरीतले ऊन

बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राजवळ आम्ही भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांना एक गॅलरी होती. लांबी अकरा फूट, रुंदी चार. वडील गेल्यावर २०११ च्या डिसेंबरात मी मायला गावाहून इथे आणले, तेव्हा तिने खोल्या पाहिल्याच नाहीत; सरळ गॅलरीत गेली आणि जाळीच्या कठड्याला हात टेकून बराच वेळ उभी राहिली. कन्हानकाठी आमची संत्र्याची बाग होती. निम्मी झाडे डिंक्याने आधीच वाळलेली, उरलेली शेतासकट विकून मी तिला घेऊन आलो होतो. ती काही बोलली नाही. कपड्यांच्या बोचक्याखेरीज तिच्याजवळ तेलाचे दोन रिकामे पिपे होते. एकात तुळस, दुसऱ्यात डोळा बांधलेले संत्र्याचे हातभर कलम.

मनाला लागलेली टोचणी माणूस पैसे खर्चून काढू पाहतो. पुढच्याच रविवारी मी नागपूरहून चौदा कुंड्या आणल्या. निवड कशी केली म्हणाल, तर जे डोळ्यांत भरेल ते घेतले : रंगीत पानांचे क्रोटन, नाजूक फर्न, दोन गुलाब, मोगरा, डायफेनबेकिया. शाळेच्या घंटेप्रमाणे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी. होळीपर्यंत चौदांतली नऊ झाडे गेली. गेलेल्यांची मुळे उपसून पाहिली, तर ती काळी, बुळबुळीत, आणि मातीला नाल्यासारखा वास.

माय म्हणाली, "बाबू, तहान लागली का ते झाडाले पुस, घड्याळाले नोको पुसू."

आणि तिने माझे बोट धरून मातीत पेरभर खुपसले. वर कोरडी दिसणारी माती आत ओलीचिंब होती. कुंडीतली बहुतेक झाडे तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात, हे मला चाळिशीत कळले. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सदैव पाण्याने भरून ठेवल्या तर मुळे गुदमरतात, मग सडतात. त्यातून आपली माती काळी, कापसाची. शेतात ती लक्ष्मी, पण कुंडीत नुसती तीच भरली तर ओली असताना चिखल आणि सुकली की वीट; कडेने भेग पडते आणि घातलेले पाणी त्या भेगेतून खाली निघून जाते. मायने सगळ्या कुंड्या उपसल्या. एक घमेले माती, एक घमेले कुजलेले शेणखत, एक घमेले नदीची रेती, वर ओंजळभर निंबोळीची ढेप. तळाच्या भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा. ताटल्या मात्र तिने उचलून माळ्यावर टाकल्या. फरशी खराब होऊ नये म्हणून मी त्या हौसेने ठेवल्या होत्या.

पण मला अजून आठवतो तो खडू. मी शाळेतून आणलेला एक तुकडा घेऊन ती दुपारी बाराला गॅलरीत बसायची आणि ऊन जिथवर पोचले असेल तिथे फरशीवर रेघ ओढायची. आमची गॅलरी दक्षिणेला तोंड करून, वर दुसऱ्या मजल्याचा सज्जा. पौषात ऊन गॅलरी ओलांडून खोलीत येत होते. होळीला ते दारापर्यंत मागे सरले. वैशाखात निम्मी गॅलरीही उन्हात राहिली नाही, आणि ज्येष्ठात रेघ कठड्याला जाऊन टेकली. बाहेर रस्ता भाजून निघतोय आणि गॅलरीत उन्हाचा कवडसा नाही!

हे सगळे मी पंधरा वर्षे फळ्यावर शिकवीत होतो. आपला सौसरचा भाग साधारण साडेएकवीस अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरा खाली. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, मधल्या दिवसांत तर किंचित उत्तरेला झुकतो. डिसेंबरच्या शेवटी तोच दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश चढतो. भूगोलाच्या पुस्तकातले हे वाक्य आणि माझा न फुललेला मोगरा, यांचा काही संबंध असेल हे माझ्या एम.ए.च्या डोक्यात आले नव्हते. मोगऱ्याला कळ्या येतात उन्हाळ्यात, त्याला त्याच दिवसांत कडक ऊन हवे, आणि नेमके त्याच दिवसांत आमची गॅलरी सावलीत. मोगरा गच्चीवर गेला आणि तिथे लदबदला.

मग निवड आपोआप होत गेली. थंडीच्या उन्हाच्या भरवशावर शेवंती आणि मेथी-कोथिंबिरीची खोकी. कठड्यालगत, जिथे थोडे तरी ऊन राहते, तिथे तुळस, सदाफुली, गोडलिंब. आतल्या भिंतीशी कोरफड आणि मनी प्लांट. डायफेनबेकिया तिने ठेवू दिला नाही, शेजारची रांगती पोरे आमच्याकडे यायची म्हणून. ते बरेच झाले. त्याचे पान चावले तर जीभ-घसा सुजतो. मनी प्लांटही त्याच जातीचा, म्हणून तो उंच टांगला. तुळशीच्या मंजिऱ्या ती रोज खुडायची. बी धरले की तुळस आपले काम झाले समजून वाळू लागते. मंजिरी खुडत राहिलो तर पुन्हा पुन्हा फुटते.

अलीकडे नर्सरीवाले घरातली हवा शुद्ध होते म्हणून झाडे विकतात. त्याला अमेरिकेतल्या नासाच्या १९८९ च्या प्रयोगांचा हवाला असतो. ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. २०१९ साली दोन संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उघड्या खिडकीइतके काम व्हायला एका चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील असे निघाले. इतकी झाडे ठेवल्यावर माणसाने कुठे बसायचे? हवेसाठी खिडकी उघडावी. झाडे आवडतात म्हणून ठेवावीत.

बोरगावात तेव्हाही सगळ्या मुलखांतली माणसे होती. १९९१ साली रेमंडचा कारखाना इथे आला, मागोमाग इतरही आले. जिन्यासमोरचे बिऱ्हाड बिहारचे होते. ती बाई सकाळी यायची, "अम्मा, थोड़ा मीठा नीम." मायला हिंदी कळत होते, बोलायला ती लाजायची. १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो, तरी तिचा बाजारहाट आणि सोयरिकी मराठीतच झाल्या होत्या. पण झाडांच्या निमित्ताने दोघींचे जमले. कुंडी म्हणजे गमला, जास्वंद म्हणजे गुड़हल, सदाफुली म्हणजे सदाबहार. गोडलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तेव्हा मायने तिला हातवारे करून समजावले की हीच अळी संत्र्यावरही असते, दोन्ही झाडे एकाच कुळातली.

संत्र्याचे कलम या सगळ्यात वेगळे होते. पावसाळा सरला की गॅलरीत, होळी झाली की गच्चीवर भिंतीच्या आडोशाला, असा त्याचा मुक्काम हलायचा. ते काम ती कोणाला देत नसे. २०१३ च्या मेमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती बहिणीकडे नागपूरला गेली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिचे कलम वाळू नये या धास्तीने मी माळ्यावरची ताटली काढली, पिप्याखाली ठेवली आणि ती भरून ठेवू लागलो. ती परतली तोवर बुंध्यातून डिंक ओघळला होता, शेंड्याकडची पाने गळली होती. बागेत जो रोग आम्हाला नडला तोच मी घरी पोसला होता. ती रागावली नाही. साल खरडून तिने बोर्डोचे मलम लावले आणि डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून रोज गच्चीवर जाऊन बसू लागली.

पावसाळ्यात बुंध्याला जोमदार फुटवे आले. मी धावत खाली येऊन सांगितले, "माय, संत्रं जगलं!"

तिने वर येऊन एक पान चुरगळले, नाकाशी नेले. "हो," म्हणाली. "जगलं."

पाच वर्षांनी, २०१८ च्या हिवाळ्यात, फळे पिवळी झाली तेव्हा मला कळले. खडबडीत, गाठाळ सालीची, दात आंबतील अशी. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात. डोळ्याखालून येणारे फुटवे हे खुंटाचे, पानसोट. बागेत ते दिसताक्षणी काढतात. संत्रे त्याच उन्हाळ्यात गेले होते, जगली होती ती जंबेरी. मायला पहिल्या पानालाच समजले होते.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तू किती खूश होता," ती म्हणाली. "अन् झाड तं जितंच होतं."

तिने त्या फळांचे लोणचे घातले. समोरची बाई डबा घ्यायला आली, फळ हातात घेऊन तिने नखाने साल टोकरली आणि एकदम ओरडली, "अरे अम्मा, ये तो जमीरी है! हमारे आँगन में थी!" दोघी कितीतरी वेळ ते फळ हुंगत बसल्या होत्या. जाताना तिने बिया पदराला बांधून नेल्या.

२०१९ च्या श्रावणात माय गेली. पुढे आम्ही घर बदलले. २०२३ साली आमचा जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. नव्या घराची गॅलरी पूर्वेला आहे, तिथे सकाळचे ऊन येते आणि अकराला जाते. जंबेरी गच्चीवर आहे, त्याच पिप्यात. पिपा खालून गंजला म्हणून तो दुसऱ्या पिप्यात बसवला आहे. यंदा तिला बावीस फळे आहेत, दिवाळीनंतर उतरतील. गॅलरीत अजून मी एकही कुंडी ठेवलेली नाही. फरशीवर तीन रेघा झाल्या आहेत, पौषातली राहिली आहे.