ग्रंथाची जागा

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका अध्यापिकेने चाळिशीत ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरातील तिच्या परिचितांनी ती माघार मानली. आधी पदवी, नंतर पदव्युत्तर पदवी अशी दोन वर्षे. त्यापुढे नेट किंवा सेट. ज्यांच्या वयाच्या मुलांना शिकविले, त्यांच्याच शेजारी बाकावर बसावयाचे. घरच्यांचा प्रश्न अधिक नेमका होता : साहित्य सोडून पुस्तकांवर आकडे घालण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर तिच्याजवळही नव्हते. तासिकांच्या मानधनावर संसार चालत नाही, एवढेच तिला ठाऊक होते.

अभ्यासात तिला रंगनाथन भेटले. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. परंतु वर्गात रमलेल्या या माणसास तेथील एकांत सोसेना आणि लवकरच त्यांनी अध्यापनाकडे परतण्याची इच्छा व्यक्त केली. आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र पाहून यावे, मग ठरवावे, असा सल्ला त्यांना मिळाला. परतल्यावर मात्र ते ग्रंथालयातच राहिले. १९३१ मध्ये त्यांची पाच सूत्रे आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. विषयाचे घटक सुटे करून पुन्हा जोडण्याच्या या पद्धतीत गणितज्ञाची शिस्त उघड दिसते. पूर्वीची विद्या नव्या व्यवसायात वाया जात नाही, याचा हा पुरावाच. तथापि दुसऱ्याच्या चरित्रातील पुरावा स्वतःच्या आयुष्यात पटतोच असे नाही.

तो पटला वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात. याच शहरात अध्यापन केलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे आत्मकथन तिच्या पुढ्यात आले. ड्युईच्या दशांश पद्धतीत ८९१.४६ हा मराठी साहित्याचा अंक, ९२० चरित्रांचा, तर ३०५.५ सामाजिक स्तरांचा. तिन्ही अंकांचे समर्थन शक्य होते. पण फडताळावर एका प्रतीला जागा एकच. साहित्यात ठेवावे, तर समाजशास्त्राच्या अभ्यासकाच्या दृष्टीस ते पडत नाही. समाजशास्त्रात ठेवावे, तर त्याचे वाङ्मयीनत्व नाकारल्यासारखे होते. दलित आत्मकथन हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज, ही चर्चा तिने वर्षानुवर्षे वर्गात केली होती. तेथे दोन्ही बाजू मांडून तास संपविता येत असे. येथे निर्णय द्यावा लागत होता.

तिने साहित्याचा अंक दिला आणि दुसऱ्या वाटेने येणाऱ्या वाचकासाठी तालिकेत सामाजिक विषयशीर्षकाखाली पूरक नोंद केली. पुस्तक आपल्या विषयाचे आहे, हे ज्याला ठाऊकच नाही, त्या वाचकाचा विचार त्या नोंदीत होता. वर्गात ती याहून वेगळे काय करीत होती? शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ ज्याने संशोधनासाठी उघडली आहे, त्याला अशा नोंदींचे मोल सांगावे लागत नाही.

कायम पदाची जाहिरात केव्हा निघेल, हे तिला अद्याप माहीत नाही. ती अनिश्चितता तासिकांच्या दिवसांइतकीच खरी आहे. घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्याजवळ आता आहे : आकडा घालण्यापूर्वी पुस्तक समजून घ्यावे लागते.