बियाण्याची पारख आणि हृदयाची जमीन

जालना हे बियाण्यांचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे महिकोची स्थापना केली आणि या गावाचे नाव देशभरच्या शेतकऱ्यांच्या ओठी गेले. जुन्या किल्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मस्तगड परिसरातील व्यापारी कुटुंबांनाही बियाण्याची भाषा घरचीच वाटते. पिशवीवरील उगवणशक्तीचा आकडा आणि लॉट नंबर पाहिल्यावाचून जाणता दुकानदार माल उतरवून घेत नाही. मात्र घरातील वडिलांचे हृदय दुबळे झाले, डॉक्टरांनी 'पंपिंग' तीस टक्क्यांवर आल्याचे सांगितले आणि कोणी 'स्टेम सेल' उपचाराचे माहितीपत्रक हाती ठेवले, की हाच चोखंदळ मनुष्य पारख विसरतो. त्याला दोष कसा द्यावा? जन्मदात्याचा श्वास जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडू लागला, तर पुत्र भावताव करीत बसत नाही.

म्हणूनच या उपचारामागील विज्ञान शांतपणे समजून घेणे आवश्यक ठरते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी नष्ट होऊ शकतात. कातडीची जखम भरते, मोडलेले हाड सांधते. हृदयाचे तसे नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2009 साली दाखवून दिले की, वयाच्या पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला जेमतेम एक टक्का नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली येते. गेलेल्या पेशींच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. तो हृदयाची भिंत सांभाळतो, पण आकुंचन पावत नाही.

या नापीक जागेत नवे बी पेरावे, ही मूळपेशींची कल्पना. अहिंसा मानणाऱ्या घरात येथे स्वाभाविक प्रश्न उठतो की, या पेशी येतात कोठून? आरंभी त्या मानवी भ्रूणापासून मिळवल्या गेल्या आणि अनेकांच्या मनाला ते रुचले नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या व पुढच्याच वर्षी माणसाच्या कातडीतील साध्या पेशींना मूळपेशींचे रूप दिले. भ्रूणाला हात न लावता मार्ग निघाला. 2012 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घडते कसे? प्रत्येक पेशीत जनुकांची तीच वही असते. कोणती पाने उघडी आणि कोणती मिटलेली, एवढ्यावरून ती कातडीची पेशी ठरते किंवा हृदयाची. पाने उघडण्या-मिटण्याच्या या खुणांनाच अधिजनुकीय खुणा म्हणतात. काही औषधे त्या बदलू शकतात. रक्ताच्या काही गंभीर विकारांवर वापरले जाणारे अ‍ॅझासायटिडिन उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशींवर वापरले असता त्यांपैकी काही पेशी काचेच्या बशीत धडधडू लागल्याचे 1999 साली जपानी संशोधकांनी नोंदवले. फिट्सवर दिले जाणारे व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड पेशींचे रूपांतर सुलभ करते, असेही आढळले. परंतु बशीतील पेशी निराळी आणि जिवंत देह निराळा. तोंडाने घेतलेले औषध केवळ हृदयातीलच पान उघडेल, याची हमी कोण देणार? अशाच वर्गातील अ‍ॅपाबेटॅलोन या औषधाची चाचणी दोन हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर झाली. 2019 साली निष्कर्ष आला, तेव्हा मुख्य उद्दिष्ट साध्य झालेले नव्हते.

मूळपेशींच्या क्षेत्रात तर खोटा मालही निघाला. हृदयात स्वतःच्याच मूळपेशी असतात, असा दावा अमेरिकेतील एका नामवंत प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे केला. 2018 साली हार्वर्ड विद्यापीठाने त्या प्रयोगशाळेचे 31 शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. या दाव्यावर विसंबून जगभरात किती श्रम आणि किती आशा खर्ची पडल्या, याचा हिशोब कोणी मांडावा?

तरीही वाट बंद झालेली नाही. जर्मनीतील संशोधकांनी मूळपेशींपासून हृदयस्नायूचे ठिगळ घडवून एका रुग्ण स्त्रीच्या हृदयावर बसवले. तिला दुसरे हृदय मिळेपर्यंत ते टिकले, असे 2025 साली प्रसिद्ध झाले. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही मूळपेशींवर संशोधन चालते. बी खरे आहे. पेरणीची रीत अजून सिद्ध व्हायची आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे याच कारणाने स्पष्ट आहेत. रक्ताच्या विकारांसारख्या मान्य कारणांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण वगळता असा उपचार केवळ मंजूर चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. म्हणून माहितीपत्रक हाती आले, तर कुटुंबाने तीन गोष्टी विचाराव्यात: चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, मंजुरी देणारी नैतिक समिती कोणती आणि खर्च कोण करणार? जेथे लाखांचे बिल आधी आणि कागद नंतर, तेथून नमस्कार करून उठावे.

याचा अर्थ पुत्राने हात बांधून बसावे, असा नाही. दुबळ्या हृदयाचे आयुष्य वाढवणारी सिद्ध औषधे आज तालुक्याच्या गावीही मिळतात. ती वेळेवर देणे, जेवणातले मीठ बेताचे ठेवणे, पापड-लोणचे आवरणे, रोज सकाळी वजन पाहणे आणि ते एकाएकी वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवणे, ही कामे साधी असली तरी वडिलांचा श्वास याच कामांनी हलका होतो.