घाट तोच, गाडी नवी

खोपोली सोडली की बोरघाटाची खरी चढण सुरू होते. मोटारीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. माझ्या तिन्ही गाड्या मी इथेच पारखल्या.

पहिली १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सी.सी.चे इंजिन, चार गियर आणि गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच. चढावर इंजिनाचा सूर पडला की हात आपसूक खालच्या गियरकडे जाई. शिंगरोबाच्या देवळापाशी थांबायचे, नाणे वाहायचे, इंजिनाला विसावा द्यायचा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असे सांगतात. नंतरची मारुती ८००. तिच्याबद्दल तक्रार नाही. आठवणही फारशी नाही.

आता चाकणला बनलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आली आहे. दीडशे अश्वशक्ती! सात गियर ती आपले आपणच बदलते. वळणावर डुलत नाही, चढ जाणवू देत नाही. (द्रुतगती मार्गावर सपाटीलाच मर्यादा ताशी १०० कि.मी.ची, घाटात त्याहून कमी. म्हणजे निम्मे घोडे पागेतच!) तिघींत हीच सरस, यात वाद नाही.

"अहो, घाट कधी संपला, कळलेच नाही," सौ. कौतुकाने म्हणाली. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखे झाले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हापासून शिंगरोबा आमच्या वाटेवरून बाजूलाच पडला होता.

परवा मुद्दाम जुन्या रस्त्याने निघालो. काच खाली केली, गियर स्वतःच्या हाती घेतले. सूर बारीक होता, पण ऐकू आला. देवळापाशी गाडी थांबवली, तर सौ.ने नाणे आधीच काढून ठेवले होते.