उरल्यासुरल्याचा उन्हाळा

उन्हाळा लागला की सुखवस्तू माणसं हवा खायला महाबळेश्वरला जातात. आम्ही आष्टीला राहतो. आमच्याकडे चैत्र संपता संपता हवाच माणसाला खायला येते. सकाळी दहाला रस्त्यावरचं कुत्रं सावली धरून बसतं, अकराला ती सावली सरकते, आणि बाराला कुत्रंही नसतं आणि सावलीही नसते. दुपारी एक ते पाच या वेळात आष्टीत जर कुणी बाहेर दिसलाच, तर तो एक तर परगावचा असतो नाही तर वसुलीचा.

आष्टी म्हटलं की पुष्कळांना इतिहास आठवतो. "लढाई झाली तीच का आष्टी?" असं पुण्याचे पाहुणे हटकून विचारतात. ती नव्हे. १८१८ साली बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. "मग बेचाळीसची?" तीही नव्हे, ती वर्ध्याची. आमची बीडची. इतिहास दोनदा आमचं नाव विचारत निघाला आणि दोन्ही वेळा भलत्याच ठिकाणी उतरला. आमच्याकडे न चुकता येतो तो फक्त उन्हाळा.

असल्या गावात उन्हाळ्याच्या मौजा त्या कसल्या, असं तुम्हाला वाटेल. आहेत, अगदी तीन आहेत: बाग, नानकटाई आणि गोधडी. आणि तिन्हींना मिळून खर्च फारसा नाही. कारण आमची बाग उरलेल्या पाण्यावर, नानकटाई उरलेल्या आचेवर आणि गोधडी उरलेल्या कापडावर. बाकीच्या जगात सणाला नवं आणतात. आमचा उन्हाळा हा उरल्यासुरल्याचा सण आहे.

आता बाग हा शब्द मी जपूनच वापरतो. मोरीचा पाइप जिथं बाहेर पडतो तिथं चार हात ओल असते, त्या ओलीला आम्ही बाग म्हणतो. तिच्यात एक केळ, थोडं अळू, कढीपत्ता, कर्दळ आणि थोडा बाजूला, मानानं, मोगरा. या बागेला पाणी 'घालत' नाहीत, पाणी 'जातं'. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला आणि भांड्यांचं केळीला, असा आमच्या घरचा पाणीवाटप लवाद आहे. पाहुणे आले की इतरांच्या घरी बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्याकडे पाहुणा अंघोळीला गेला की केळीला पालवी फुटते. पुण्याच्या चुलतभावाकडे रबरी नळीनं झाडांना पाणी घालतात, ते दृश्य आमची मंडळी सिनेमा बघावा तसं बघत उभी राहिली होती.

या बागेची खरी मालकीण आई. बहात्तरच्या दुष्काळात जिनं संसार केला तिला पाणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गोळी घेऊन झाल्यावर पेल्यात उरलेलं घोटभर पाणीसुद्धा ती मोगऱ्याला नेऊन टाकायला लावी. माठ पाझरेनासा झाला, पाणी गार होईना, की लोक तो फेकून देतात. आई त्याच्या बुडाला भोक पाडायची, त्यात जुन्या चिंधीची वात बसवायची आणि माठ मोगऱ्याच्या बुंध्याशी पुरून ठेवायची. पाणी थेंबाथेंबानं मुळाशीच जायचं, वर उन्हाला काही मिळायचं नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं. आमच्याकडे तेव्हा रेल्वेच नव्हती, त्यामुळे आम्हाला टँकरवर भागवावं लागलं. त्या उन्हाळ्यात केळ गेली, अळू गेलं, कर्दळ गेली. मोगरा तेवढा राहिला आणि वैशाखात निर्लज्जासारखा फुलला.

दुसरी मौज नानकटाईची. परीक्षा संपल्या की घरोघरच्या बायका पत्र्याचे डबे घासून बेकरीची वाट धरतात. मैदा आपला, पिठीसाखर आपली, वनस्पती तूप आपलं, वेलदोडे आपले. बेकरीवाल्याची फक्त भट्टी आणि किलोमागे मजुरी. पण तो तुम्हाला सकाळी उभं करत नाही. सकाळी भट्टीत लाकडं पेटवतात, विटा लाल होतात, निखारे ओढून घेतात, मग त्या विटांच्या धगीवर आधी पाव भाजतात. पावाला कडक आच लागते. नानकटाईला ती सोसत नाही. वरून काळी आणि आतून कच्ची राहते. म्हणून पाव निघून आच उतरली की मगच तुमचा नंबर. म्हणजे इथंसुद्धा आपल्या वाट्याला उरलेलंच, फक्त या वेळी शिल्लक ऊब. नानकटाईचं मूळ सुरतेला डच लोकांच्या बेकरीत आहे असं सांगतात, आणि तिथंही म्हणे न खपलेला पाव वाळवून खाण्यातून पुढची बिस्किटं निघाली. हे खरं असेल तर डच माणूस मनानं आष्टीचाच म्हटला पाहिजे.

आमच्या घरी 'रुचिरा' आहे. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० साली निघालं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी नवख्या सुनांची अब्रू राखली. पण बेकरीत वाटी चालत नाही, तिथं तराजू. तूप आणि साखर तळहातानं फेसायची, ती इतकी की पांढरी शुभ्र होऊन हाताला हलकी लागली पाहिजे. हे काम घरातल्या पुरुषांना देतात, कारण त्यात डोकं लागत नाही. मग बायका ओळीनं बसून गोळे वळतात, वर चारोळी चिकटवतात आणि ज्याच्या त्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवतात. भट्टीत चिठ्ठीचं काय होतं हे मी सांगायला नको. एके वर्षी आमच्या डब्यात कुणाची तरी इतकी उत्तम नानकटाई आली की आम्ही महिनाभर ती खात त्या अज्ञात बाईचं कौतुक केलं, आणि आमची ज्यांच्याकडे गेली त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगली.

आणि तिसरी गोधडी. गोधडी ही आमच्या भागात शोभेची वस्तू नाही. आमच्या तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांवर, लेकरांच्या खाली गोधड्याच असतात. पौषाच्या थंडीत उसाच्या फडाशेजारच्या कोपीत तीच भिंत आणि तेच दार. पाडव्याच्या पुढंमागं टोळ्या परततात, गोधड्या धुऊन वाळत पडतात आणि फाटलेल्यांच्या जागी नव्या घालायला घेतात. नव्या म्हणजे अर्थात जुन्या कापडाच्या. लुगडं आधी नेसायचं, मधे विरलं की तेवढं कापून दंड घालायचा आणि पुन्हा नेसायचं, आणि दंडही फाटला की मग ते गोधडीत जायचं. इतक्या वापरानं सूत असं मऊ होतं की कुठल्याच दुकानात तसं कापड मिळत नाही.

आई गेली त्याला वर्ष झालं त्या वैशाखात तिची ट्रंक उघडायची ठरली. आम्ही तिघं भाऊ. जमिनीची वाटणी मागेच झाली होती. वाड्यात भिंत आली होती आणि तिन्ही जावांमध्ये बोलणं उरलं होतं ते लेकरांच्या मार्फत. वाटणीत दोनच गोष्टी सामाईक राहिल्या, विहीर आणि आई. विहीर २०१६ ला आटली. आता आईही नव्हती.

ट्रंकेत सोनं नव्हतं. वापरलेली चार सुती लुगडी, वडिलांची तीन धोतरं आणि एक कोरं इरकल, घडीही न मोडलेलं. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "मला काही नको." मधल्या म्हणाल्या, "मला तर काहीच नको." आमची ही म्हणाली, "मला कशाला हवंय?" आमच्या घराण्यात 'मला काही नको' याचा अर्थ 'बघू या कोण काय उचलतंय' असा होतो. तिघींचे डोळे लुगड्यांवर, आणि आम्ही तिघं भाऊ छताकडे बघत. जमिनीच्या वेळी मोजणीदार तरी होता.

पाच मिनिटांनी थोरल्या वहिनींनीच एक लुगडं ओढलं आणि हातानं मापायला घेतलं. "नऊ वार हाय," त्या म्हणाल्या. "जावा तीन. येवढं गणित तर मला बी येतं." चारी लुगड्यांचे तीन-तीन तुकडे करायचे आणि तीन गोधड्या घालायच्या, प्रत्येकीत चारी लुगडी. आत वडिलांचं एकेक धोतर. हयातीत वडील कधी कुणाच्या मधे पडले नाहीत, ते आता तीन ठिकाणी पडणार होते.

गणित बरोबर होतं, पण पदर नडला. लुगडी चार म्हणजे पदर चार, आणि जावा तीन. तुकडे सारखे झाले तरी पदर असलेला तुकडा आणि नसलेला तुकडा यांत फरक असतो हे पुरुषांना कळत नाही. त्या पदरानं आईनं आमची नाकं पुसली होती, त्यात वाणसामानाची सुटी नाणी बांधली होती. चौथ्या पदरावर दोन दिवस ट्रंक तशीच उघडी राहिली. शेवटी मधल्या वहिनींनी लेकराच्या मार्फत नव्हे, स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "आक्का, तो बी तिघींत फाडा. मधी ठिगळ लावू." मग फाडण्याचा आवाज झाला. त्या आवाजाला तिघी एकदम रडल्या. आई गेली त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत रडायचं राहून गेलं असावं.

पुढचा महिनाभर दुपारी आमच्या ओसरीवर गोधडी अंथरलेली असे. गोधडी चारी कडांनी शिवत आत आणतात. धावदोरा, एका ओळीला लागून दुसरी ओळ. तीन कडांना तिघी आणि चौथ्या कडेला मी, सुया ओवायला. तिघींना मोतीबिंदूचे चष्मे असल्यामुळे माझ्या नोकरीला धोका नव्हता. पहिल्या आठवड्यात तिघी आपापल्या काठाला होत्या, त्यामुळे बोलायची गरज पडत नव्हती. पण गोधडीची रीत अशी की टाका घालत घालत माणूस आत सरकतो. दुसऱ्या आठवड्यात कोपरांना कोपरं लागायला लागली. "सरका जरा," असं थोरल्या वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच सरका, तुमचा टाका केवढा मोठा, त्यातून बैल जाईल," असं मधल्या म्हणाल्या. मी घाबरून दोन सुया जास्तीच्या ओवल्या. पण थोरल्या वहिनी हसल्या. आमच्या हिनं नानकटाईचा डबा मधे सरकवला.

पहिली गोधडी मिटायला आली तेव्हा मधे टीचभर भोक राहिलं. आई तिथं नेहमी भाकरीचा तुकडा घालून मग शेवटचा टाका घ्यायची. म्हणायची, गोधडीनं उपाशी राहू नये. भाकरी आणायला कुणी उठेना, सगळ्यांचे पाय आखडलेले. तेव्हा आमच्या हिनं नानकटाईचा एक तुकडा आत सरकवला आणि टाका ओढला. आमची गोधडी अजून त्या कोपऱ्यात मुंग्यांना प्रिय आहे.

ते इरकल मात्र ट्रंकेतच आहे. सगळ्यांत महागाचं तेच, पण तिघींपैकी एकीनंही मागितलं नाही. मी एकदा विचारलं, तर थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, ते त्यांनी नेसलंच कुठं? त्यात त्या न्हाईत." यावर मी काय बोलणार?

आता २३ सप्टेंबर २०२२ पासून नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली आहे आणि २०२५ साली ती पुढे बीडलाही गेली. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडाला अजून नगरच येतं. तिथून लोक गुबगुबीत ब्लँकेटं आणतात, त्यांवर वाघ असतो. पुण्याच्या प्रदर्शनात गोधडी टांगून ठेवतात आणि तिच्या किमतीत आमच्याकडे एक शेळी येते. गावात मात्र गोधड्या कमी झाल्या, आणि त्याला कारण आळस नव्हे. साड्या आता सिंथेटिक. त्या विरत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि सुईखालून सटकतात. दहा वर्षं वापरलेली साडी दहा वर्षांपूर्वी होती तशीच राहते. जे झिजत नाही त्याचं पुढं काय करायचं हे आमच्या बायकांना कळेनासं झालं आहे.

या हिशेबात मी माझं कपाट उघडून पाहिलं. जन्मभर टेरिकॉट घातलं. इस्त्री मोडत नाही म्हणून मी ते अभिमानानं घालत असे. टेरिकॉटच्या पँटची बाजाराची पिशवी होते, फार झालं तर पायपुसणं होतं. गोधडी होत नाही. मुलं पिशवीत भाजी आणतील आणि दारात पाय पुसतील. आठवण म्हणून तीही काही वाईट नाही.

पण परवापासून माझी जुनी सुती लुंगी दिसत नव्हती. धुवून धुवून ती आरपार दिसायला लागली होती. दोरीवर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, शेवटी हिला विचारलं.

"ठेवलीय," ही म्हणाली.

कशासाठी, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मेनरोडवर गेलो आणि आणखी दोन सुती लुंग्या घेऊन आलो. झिजवायला वेळ लागतो.