व्याजस्तुती

अलंकार शिकवण्याचा तास कोणत्याही महाविद्यालयात शेवटच्या घंटेला लागतो, हा आमचा अनुभव आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका तासाला व्याजस्तुती समजावून देत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे व्याज म्हणजे बँकेचंच काय?" वर्ग हसला, शिकवणाराही हसला. मग शब्दकोशाचा आधार घेऊन सांगितले गेले की, संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त, सोंग, कपट; स्तुतीचे सोंग घेऊन केलेली निंदा ती व्याजस्तुती, आणि उलटही. कर्जावरच्या वाढीला मराठीने हाच शब्द का दिला असावा, यावर दोन मिनिटे बोलणेही झाले. तो दिवस महिन्याच्या ५ तारखेचा होता आणि त्याच वेळी खिशातल्या मोबाइलवर हप्ता कापला गेल्याचा संदेश येऊन पडला होता.

आम्ही म्हणजे दोघे. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही वर्धा जिल्ह्यात शिकवतो. एकाची नोकरी कायम, दुसऱ्याची तासिका तत्त्वावर. कायम नोकरीचा पगार महिन्याला येतो. तासिकेचे मानधन येते तेव्हा चार-पाच महिन्यांचे एकदम येते आणि येईपर्यंत ते कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अशा घराचा अर्थसंकल्प हा काहीसा कोरडवाहू शेतीसारखाच असतो, असे म्हटले तर आमचे शेतकरी आप्त रागावतील; त्यांचा राग योग्यच असेल.

कर्जे एकदम झाली नव्हती. २०१२ साली घर घेतले. पुढे बाबांचे आजारपण आले, त्यात पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज काढले. ते आजारपण संपले, म्हणजे बाबाच गेले, आणि कर्ज राहिले. मधल्या काळात क्रेडिट कार्ड नावाची सोय घरात शिरली. 'किमान देय रक्कम' या तीन शब्दांइतकी परिणामकारक व्याजोक्ती आम्ही आमच्या अभ्यासक्रमात शिकवलेली नाही. किमान रक्कम भरली की माणसाला कर्ज फेडल्याचे समाधान मिळते. उरलेल्या रकमेवर मात्र दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळिसाच्या वर, आकारणी चालू राहते. आमच्या जुन्या गावातला सावकार ज्या दरामुळे बदनाम होता, तो याहून कमी होता.

२०२१ च्या दिवाळीनंतर एका रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. ठरले असे की, दोघांनी आपापली यादी वेगळ्या कागदावर लिहायची आणि मग एकत्र करायची. घरकर्ज, पतसंस्था, कार्ड, एका मामांकडून घेतलेले हातउसने, हे दोन्ही कागदांवर होते. एका कागदावर मात्र एक ओळ जास्त होती आणि दुसऱ्यावरही एक ओळ जास्त होती. एकाने आईच्या पाटल्या गहाण ठेवून सोनेतारण कर्ज काढले होते. आईला आणि घरात सांगितले होते की पाटल्या लॉकरमध्ये आहेत. दुसऱ्याने देवळी तालुक्यात शेती करणाऱ्या आपल्या भावाच्या कर्जाला जामीन म्हणून सही दिली होती आणि त्याचे दोन थकलेले हप्ते स्वतः भरलेही होते. कोणी काय लपवले, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो आहोत ते केवळ शैलीसाठी नव्हे.

त्या रात्री भांडण झाले नाही, याचे आजही नवल वाटते. बराच वेळ कोणी बोललेच नाही. वर्गात 'श्यामची आई' शिकवताना सावकाराचा माणूस घरी येतो त्या प्रसंगाशी आमचा दोघांचाही आवाज कापरा होतो, अशी विद्यार्थ्यांत ख्याती आहे. १९३५ सालचे ते पुस्तक आम्ही इतकी वर्षे शिकवले. पण कर्जाची खरी लाज दाराशी आलेल्या माणसापुढे नसते, ती शेजारी झोपलेल्या माणसापुढे असते, हे आम्हांला त्या वहीने शिकवले.

मग हिशोब. घरकर्जाचा दर मधूनमधून बदलत होता. समजण्यासाठी साडेनऊ टक्के धरू. १५ लाख रुपये, २० वर्षे, म्हणजे महिना १३,९८२ रुपये. यातल्या पहिल्या हप्त्यात ११,८७५ रुपये व्याज असते आणि मुद्दलात जमा होतात २,१०७. नऊ वर्षांत, म्हणजे १०८ हप्त्यांत, आपण सुमारे १५ लाख १० हजार रुपये भरतो. मूळ कर्जापेक्षा जास्त भरून झाले तरी शिल्लक उरते ११ लाख ४२ हजार. हे गणित कोणी आमच्यापासून लपवले नव्हते. कर्ज मंजूर झाले त्या दिवशी दिलेल्या कागदांत ते हप्त्यागणिक छापलेले होते. ज्या माणसांनी आयुष्य ओळींमधले अर्थ वाचण्यात घालवले, त्यांनी नुसत्या ओळी वाचल्या नव्हत्या.

'हप्ता' या शब्दाचेही तसेच. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, हप्ता म्हणजे आठवडा. मराठीत तो महिन्याला येतो आणि वीस वर्षे राहतो. 'उधार'चे मूळ 'उद्धार'मध्ये आहे, हे तर भाषाशास्त्राच्या तासाला सांगायलाही आता संकोच वाटतो. असो.

बँक बदलण्याचा विचार या गणितातून आला. आमचे कर्ज जुन्या आधारदराच्या पद्धतीचे होते. ती पद्धत २०१० साली आली होती. २०१६ मध्ये दुसरी पद्धत आली आणि ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची घरकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी बांधणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले. जुने कर्जदार आपोआप नव्या पद्धतीत जात नाहीत. त्यांनी अर्ज करावा लागतो. आम्ही केला नव्हता, कारण असा अर्ज असतो हेच ठाऊक नव्हते. २०२१ मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर होता आणि नवी घरकर्जे सातच्या आसपास मिळत होती. आमच्या उरलेल्या ११ लाख ४२ हजारांवर साडेनऊऐवजी सात टक्के लागले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले १३२ हप्ते ११२ वर येतात. वीस हप्ते म्हणजे पावणेतीन लाखांवर रुपये. तरत्या दराचे घरकर्ज मुदतीआधी फेडले तरी बँक दंड लावू शकत नाही, हा नियमही २०१२ पासून होताच.

पण खाते हलवणे म्हणजे घर हलवणे. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो. खाते क्रमांक येत नाही. पगार नव्या बँकेत जावा म्हणून प्राचार्यांचे पत्र, मग कार्यालयात मोठ्या बाबूंची मनधरणी. विम्याचा हप्ता, वीजबिल, गॅसचे अनुदान, मुलीची शिष्यवृत्ती, आईचे निवृत्तिवेतन जिथून निघते त्या खात्यावरचे आमचे सहनाव, असे एकेक धागे उसवून पुन्हा शिवावे लागले. गहाण पडलेले मूळ खरेदीखत जुन्या बँकेतून निघून नव्या बँकेत पोहोचेपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले, ते आम्हांलाच ठाऊक. विम्याचा एक आदेश बदलायचा राहून गेला. जुन्या खात्यात पैसे नव्हते, हप्ता परतला आणि दंड बसला. चूक आमचीच होती. तेव्हापासून आम्ही सर्वांना एकच गोष्ट सांगतो: नवे खाते उघडल्यावर जुने निदान तीन महिने बंद करू नका आणि त्यात थोडे पैसे राहू द्या.

जुन्या बँकेतल्या खिडकीवरच्या बाईंनी पासबुक शेवटचे छापून दिले आणि विचारले, "मॅडम, काही चुकलं का आमचं?" तिथे पंधरा वर्षे आम्ही येत होतो. या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. बँक बदलणे हा व्यवहार आहे, हे आम्हांला मान्य होते. पण वर्ध्यासारख्या गावात तो थोडा संबंध तोडल्यासारखाही वाटतो.

कर्जाविषयी बोलताना या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला आपले रडगाणे गाताना जीभ अडखळते. २००५ च्या अखेरीस याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने 'गाव विकणे आहे' असा फलक लावला होता. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. २०१४ साली केंद्राने देशातल्या ज्या २३ विनापरवाना जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांतल्या महाराष्ट्रातल्या तीन म्हणजे नागपूर, बुलडाणा आणि वर्धा. आमचे त्यात काही अडकले नव्हते. पण त्या वर्षांत चहाच्या टपरीवर बँक हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जाई, तो कानांत आहे. शेतकऱ्याचे कर्ज रस्त्यावर फलक होऊन उभे राहते, विधिमंडळात गाजते. पगारदाराचे कर्ज पडद्याआड असते. आमचे दुःख त्यांच्याएवढे नाही, हे उघड आहे. तरी लपवण्याची सवय मात्र आमच्याकडेच जास्त, असे भावाच्या सहीच्या प्रकरणावरून वाटले. ते कळले तेव्हा तो म्हणाला, "तुमी कायले लपवलं घरी? गावात तर साऱ्यायले मालूम हाय."

हा जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा, १९३३ साली, त्या प्रांताने कर्ज समेटाचा कायदा केला होता. धनको आणि ऋणको यांना मंडळासमोर बसवून किती द्यायचे, किती सोडायचे, किती वर्षांत द्यायचे, हे ठरवण्याची ती रीत. आमचे टेबल हे तसेच समेट मंडळ झाले. फक्त दोन्ही बाजूंना ऋणकोच बसले होते. पहिला वाद क्रमाचा. गणित सांगत होते, आधी कार्ड, कारण त्याचा दर सर्वांत जास्त. सोनेतारण शेवटी, कारण त्याचा दर त्याच्या चौथाईच्या आसपास. मन सांगत होते, आधी पाटल्या. दोन रविवार हा वाद चालला. शेवटी गणिताचे ऐकले, पण एक अट घातली: तासिकेचे मानधन जेव्हा येईल, जितके येईल, त्याचा अर्धा भाग सोनेतारणात जाईल. बाकी सगळे कार्डात. कार्ड अकरा महिन्यांत संपले आणि कात्रीने कापले.

खर्चाच्या वहीतून सर्वांत आधी काय गेले असेल, हे या पानाच्या वाचकांना सांगावे लागू नये. दरवर्षी सहा दिवाळी अंक घेत असू. ते एकावर आले. पुस्तकांची खरेदी थांबली. एका नव्या कवितासंग्रहाबद्दल आमचे मत विचारले गेले तेव्हा, "वाचला नाही" असे न म्हणता "अजून हाती आला नाही" असे म्हटले. आहेराच्या रकमा निम्म्या केल्या, तेव्हा एका आत्येबहिणीने अबोला धरला. तिला खरे कारण सांगितल्यावर तीच आम्हांला आपली वही दाखवायला घेऊन आली, हा अनपेक्षित लाभ.

पवनार येथून आमचे घर लांब नाही. विनोबांनी तिथे १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशावाचून, स्वतः पिकवून जगण्याचा. सहलीला विद्यार्थ्यांना आम्ही धाम नदीच्या काठी हे सांगत आलो आहोत. अलीकडे सांगताना एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, त्यांच्यावर घराचं कर्ज नव्हतं ना." आम्ही तिला रागावलो नाही. पैसा सोडणारे आणि पैशाचा हिशोब ठेवणारे दोघेही याच पंचक्रोशीत राहिले; सेवाग्रामला १९३६ मध्ये येऊन राहिलेल्या गांधीजींनी इंग्लंडातल्या विद्यार्थिदशेत पैपैचा हिशोब लिहिण्याची सवय लावून घेतल्याचे आत्मकथेत नोंदवले आहे. विनोबांचा मार्ग आम्हांला झेपणारा नाही. दुसरा, निदान वहीपुरता, झेपतो.

नव्या बँकेचे सुख सहा महिने टिकले. मे २०२२ पासून रेपो दर वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ वरून साडेसहावर गेला. अडीच टक्के. आमचा सातचा दर साडेनऊ झाला. जिथून निघालो होतो नेमके तिथेच. हप्ता तोच राहिला, मुदत मात्र गुपचूप लांबली, आणि ती किती लांबली हे आपण विचारल्याशिवाय कळत नव्हते. या वेळी विचारले. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरू लागले तेव्हा बँकेने हप्ता कमी करण्याचा पर्याय पुढे केला. तो घेतला नाही, मुदत कमी करून घेतली.

पाटल्या २०२३ च्या अक्षय्य तृतीयेच्या आधी सुटल्या. आईच्या हाती दिल्या तेव्हा तिने त्या घातल्या, मनगट फिरवून पाहिले आणि काढून परत दिल्या. "आता खरोखरच्या लॉकरमध्ये ठेवा," म्हणाली. तिला केव्हापासून ठाऊक होते, ते आम्ही विचारले नाही.

मामांचे पैसे गेल्या वर्षी परत झाले. पतसंस्थेचे नऊ हप्ते राहिले आहेत. भावाच्या जामिनाची मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे आणि यंदा कापसाला काय भाव मिळतो यावर ते प्रकरण अवलंबून आहे. घरकर्ज आहेच. यंदा दिवाळी अंक दोन घ्यावेत की एकच, यावर समेट मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे.