लोखंडवाल्याचं बदललेलं मत

रांजणगाव एमआयडीसीत टूलरूमचं काम करताना माझं एक ठाम मत होतं: यंत्रात प्लास्टिकचा भाग बसवणं म्हणजे वेळ मारून नेणं. टिकायचं तर पोलाद, फार तर ॲल्युमिनियम. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले तुकडे साहेबांना नमुना दाखवायला ठीक, असं मी म्हणायचो. आज तसं म्हणत नाही.

इथे गाड्या बनतात, फ्रिज बनतात. रंग दिलेला पत्रा लाइनवर धरताना पोलादी पकड ओरखडा उठवते, म्हणून तिच्यावर रबर चिकटवावं लागतं. टीपीयूसारख्या लवचिक प्लास्टिकची छापलेली पकड मुळातच पत्र्याच्या अंगाने वळते आणि रोबोच्या हातावर भारही कमी टाकते. तिथे मऊपणा हीच ताकद.

अर्थात, प्लास्टिकप्लास्टिकमध्ये फरक आहे. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तरी वाकू शकतं. एबीएस साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं. नायलॉन झिजेला चांगलं, पण हवेतला ओलावा शोषून घेतं. आणि छापलेल्या भागाची सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे थर. वितळलेला धागा थरावर थर बसत जातो. थर एकमेकांपासून दूर ओढणारा जोर आला की भाग तिथेच सुटतो. म्हणून भाग आडवा छापायचा की उभा, हे जोर कुठून येणार ते पाहूनच ठरवावं लागतं.

माझं मत पुरतं फिरलं ते किरणोत्सर्ग टिपणाऱ्या प्लास्टिकची माहिती झाल्यावर. फ्रिजच्या आतलं अस्तर ज्या पॉलिस्टायरीनच्या घराण्यातलं, त्याच पॉलिस्टायरीनमध्ये टर्फिनाइल आणि पीओपीओपी ही रसायनं थोड्या प्रमाणात मिसळतात. मग विद्युतभारित कण आरपार गेला की त्यात निळसर प्रकाश चमकतो, तोही काही नॅनोसेकंदांत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटीतल्या ग्रेप्स-३ प्रयोगात असे प्रत्येकी एक चौरस मीटरचे सुमारे ४०० शोधक वैश्विक किरणांची सर टिपतात. पोलादाला हे जमणार नाही, कारण उठलेला प्रकाश बाहेर यायला पदार्थ पारदर्शक लागतो.

असे शोधक छापून काढण्याचे प्रयत्न युरोपातले शास्त्रज्ञ करत आहेत. त्यांनाही थरच नडतात: थरांमध्ये बारीक फटी राहिल्या की प्रकाश विखुरतो. आमची पकड जिथे तुटते, तिथेच त्यांचा प्रकाश वाया जातो. दोघांनाही थर एकजीव करण्याचीच विद्या हवी आहे.

म्हणून आयटीआयमधून आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी आता धातू थोर की प्लास्टिक, हे शिकवत नाही. तापमान किती, जोर कोणत्या दिशेने, झीज कशाशी, हे आधी लिहून काढा, मग पदार्थ निवडा, असं सांगतो. पदार्थाची प्रतिष्ठा कामावरून ठरते, वजनावरून नाही.